एक डाव भात

"काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"पाणी धरून?" बाबांनी विचारलं.

"पाणी वेगळं विचारते."

"गोळ्या?"

"गोळ्या नकोत, काका. खाणं सांगा."

"तुम्हीच म्हणालात तोंडात काय काय गेलं ते. काल थर्मामीटरही गेला होता."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. ही मुलाखत आता आमच्या इतकी अंगवळणी पडली होती, की कुणी कधी कुठे पाहायचं हेही ठरून गेलं होतं.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात त्यांची खोली होती. वर कुणी जिना उतरलं की टेबलावरच्या वाट्या किणकिणायच्या. वाट्या ठरलेल्या मापाच्या, चमचेही ठरलेल्या मापाचे. पेशंटने 'थोडंसं' म्हटलं की बाई लगेच तीन वाट्या पुढे करून विचारायच्या, थोडंसं म्हणजे यातलं कुठलं? मागच्या फळीवर रबरी जेवण मांडलेलं होतं: रबरी भात, रबरी मासा, रबरी पाव, रबरी अंडी. एका अंड्यावर दातांचे ठसे होते. कुणीतरी खरंच चावून पाहिलं असावं. या खोलीत ताटकळून बसल्यावर तसं करावंसं वाटणं मला अजिबात नवलाचं वाटत नव्हतं.

बाबांनी पहिल्याच दिवशी बाईंचं नाव 'चमचेवाली' ठेवलं होतं. वयाने तरुण, कामाला चोख आणि स्वभावाने चिकट. बाबांना ती मनातून आवडत असावी, कारण बाबांचा जन्म मापं तपासण्यात गेला होता. ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानात शिरले की आधी तराजूला बोटाने टिचकी मारत, मग नमस्कार करत. घरातही अंदाज, जवळपास, साधारण असले शब्द त्यांना चालत नसत. तेव्हा त्यांच्या उत्तरांबद्दल चमचेवालीला शंका यायचं कारणच नव्हतं. दुपारी किती भात? एक डाव. भाजी? एक वाटी. पाव? दोन तुकडे. रात्री? तेच. उत्तर विचारायच्या आधी तयार, आणि दर वेळी तेच.

अडचण अशी होती, की वजन उतरत चाललं होतं.

बाबांचा खुबा पार झिजला होता. खुर्चीतून उठून न्हाणीघरापर्यंत जायचं म्हणजे मोहीम. मधे एकदा स्टुलावर बसायचं, भिंतीला शिव्या घालायच्या, मग पुढे निघायचं. सर्जनने खुबा बदलायची तारीख दिली होती, पण बाबांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागलेला पाहून त्याने पेन थांबवलं होतं. इतक्या अशक्त माणसाला टेबलावर घेणार नाही, म्हणाला. आधी वजन का उतरतंय ते शोधा. तारीख गेली तर पुढची मिळायला वर्ष जाईल, हेही त्याने सांगून ठेवलं.

म्हणून चमचेवाली. तिने बाबांचं सध्याचं खाणं लिहून घेतलं, मग आई होती तेव्हाचं लिहून घेतलं. आई गेली त्याला तेव्हा एक हिवाळा झाला होता.

"काकू होत्या तेव्हा दुपारी किती भात घ्यायचात?"

"एक डाव."

"आणि भाजी?"

"एक वाटी. सांगितलं ना, माझ्या खाण्यात फरक नाही. मी नेमाने खाणारा माणूस आहे."

दोन्ही रकाने समोरासमोर ठेवले तर एक दुसऱ्याची नक्कल वाटावी. आणि सध्याचं खाणं खरं होतं याला साक्षीदार मी होते. आई गेल्यावर मी माझी भाड्याची जागा सोडून बाबांकडे राहायला आले होते. लायब्ररीतून येऊन मीच स्वयंपाक करत होते, मीच वाढत होते. "बाबा, किती?" असं रोज विचारत होते आणि ते म्हणतील तेवढंच वाढत होते. कुणाच्या ताटात न विचारता काही टाकू नये, हे माझं लहानपणापासूनचं मत. माझ्यापुरतं ते मी आईकडून मान्यही करून घेतलं होतं.

"खाणं तेवढंच आहे आणि वजन घटतंय," सर्जन म्हणाला. "म्हणजे आत काहीतरी आहे."

ते 'आत काहीतरी' शोधण्यात आमचे सगळे दिवस गेले. रक्त झालं. पुन्हा रक्त झालं, कारण पहिल्याची चिठ्ठी हरवली. सोनोग्राफी झाली. छातीचा फोटो झाला. एका तपासणीला उपाशीपोटी बोलावलं आणि दुपारपर्यंत बसवून ठेवलं. वजन वाढवायला निघालेल्या माणसाचं एक जेवण तिथेच बुडालं. मी काउंटरवर भांडले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, सिस्टिम आहे." सगळे रिपोर्ट चांगले आले, आणि प्रत्येक चांगल्या रिपोर्टनंतर सर्जनचा चेहरा आणखी लांब झाला. सोपी कारणं संपत आली होती. शेवटी त्याने पोटात दुर्बीण घालून पाहायचं ठरवलं. रोगाचं नाव त्याने घेतलं नाही. मी लायब्ररीत पुस्तकं आवरता आवरता ते वाचून ठेवलं होतं. एकाच वर्षात घरातली दोन्ही माणसं जाण्याचा हिशेब मी मनात मांडायला लागले होते, आणि बाबा मात्र चमचेवालीला विचारत होते की तिच्या वाट्यांवर पडताळणीचा शिक्का का नाही.

परदेशातून दादाचा फोन यायचा.

"तू त्यांना नीट खायला घालतेस ना गं?"

"नाही. कुलूप लावून ठेवते."

"चिडतेस काय? मी आपलं विचारलं."

"विचारू नकोस. येऊन घाल."

मग तो फोन ठेवून द्यायचा आणि मला वाईट वाटायचं. वाईट वाटायला लागलं म्हणून आणखी चीड यायची.

ऑपरेशनच्या यादीतल्या माणसांना दर आठवड्याला आहारशिक्षणाचा वर्ग सक्तीचा होता. हजेरी नसेल तर यादीतून नाव खाली. चमचेवालीच तो घ्यायची. भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: पोटाचं ऐका, आग्रह टाळा. खाली लठ्ठ माणसाचं चित्र, आणि त्याच्या ताटात चारी बाजूंनी येणारे हात.

"आग्रह हा आहाराचा शत्रू आहे," ती म्हणाली.

"आमच्याकडचे शत्रू संपले सगळे, मॅडम," मागून एक आवाज आला. बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी थांबले होते. त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. "आता आम्ही आणि गॅसची शेगडी. कोण आग्रह करतंय?"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी फक्त त्यांच्याकडे वळून पाहिलं.

त्या दिवशी प्रत्येकाने आपलं रोजचं दुपारचं ताट लावून दाखवायचं होतं. लांब टेबलावर भांडी मांडली होती. एका पातेल्यात डावाच्या मापाचे रबरी भाताचे गोळे, दुसऱ्यात भाजी, शेजारी पाव. ड्रायव्हरकाकांनी एवढा ढीग रचला की चमचेवालीने विचारलं, "काका, हे तुमचं की अख्ख्या बसचं?"

"बसचं असतं तर कंडक्टरलाही दिलं असतं," ते म्हणाले आणि आणखी एक अंडं ठेवलं.

मग बाबांची पाळी आली. मी त्यांना टेबलाशी खुर्चीवर बसवलं आणि मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मला लायब्ररीत परत जायचं होतं. दुर्बिणीची वेळ घ्यायची होती. माझं अर्धं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

बाबांनी डाव उचलला. भाताचा एक गोळा घेतला, ताटात ठेवला. डाव पातेल्यात परत ठेवला. आणि मग त्यांचा डावा हात आपसूक ताटावर आला. बोटं पसरलेली, तळवा खाली. मान जराशी उजवीकडे वळलेली, कुणीतरी तिथे बसून बोलतंय आणि आपण ऐकतोय अशी. ते तसेच थांबले.

"झालं?" चमचेवालीने विचारलं. ती टेबलाच्या उजव्या बाजूलाच उभी होती. "अहो काका, एवढ्याशा भातावर तुम्हाला कोण टेबलावर घेणार?" आणि गमतीने म्हणा, शिकवण्याच्या भरात म्हणा, तिने डावाने एक गोळा उचलून पुढे केला.

"पुरे, पुरे," बाबा म्हणाले. आणि हात उचलला. बरोबर डाव आत जाईल एवढाच उचलला. गोळा ताटात पडला. हात बाजूला गेला आणि बाबा भाजीकडे वळले.

हे इतकं सहज झालं की वर्गात कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही आलं नसतं, चमचेवाली पुढे बोलली नसती तर.

"बघा, आता काकांच्या ताटात छान दोन डाव भात झाला. हो ना, काका?"

"एक," बाबा म्हणाले.

"दोन आहेत, काका. हा एक, हा दुसरा."

"तो मी घेतलेला नाही. तो तुम्ही वाढलात."

"पण ताटात दोन आहेत ना?"

"ताटात असतील. तुमचा प्रश्न, काका तुम्ही किती घेता. मी एक घेतो. हा मी घेतलेला. दुसऱ्याने वाढलेलं मी माझ्या नावावर कसं सांगू?"

ड्रायव्हरकाका जोरात हसले. "साहेब, पोट काय पावती बघून आत घेतं का, कुणी घातलं म्हणून?"

सगळा वर्ग हसला. मी भिंतीपासून पुढे आले. कशी आले आठवत नाही. वाटेतली एक खुर्ची पडली एवढं आठवतं.

"बाबा, आई किती वाढायची?"

"काय?"

"भात. तुम्ही एक डाव घ्यायचात. त्यावर आई किती वाढायची?"

"मला काय ठाऊक?" बाबा म्हणाले. "ते तिचं खातं होतं. मी कधी मोजलं?"

"पाव? भाजी? सगळंच?"

"अगं, माणूस जेवताना जेवतो. मधे मधे ती टाकायची काहीतरी. मी नको म्हणायचो."

चमचेवालीच्या हातात डाव तसाच होता. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे काका, मी आधीचं खाणं विचारलं, तेव्हा तुम्ही..."

"तुम्ही विचारलंत तेच सांगितलं."

ते खरंच होतं. त्यांनी एकाही प्रश्नाचं खोटं उत्तर दिलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांना खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. दोनदा रक्त, सोनोग्राफी, उपाशीपोटी बसवलेली ती सकाळ, सर्जनचा लांब चेहरा, मी वाचू नये ते वाचत काढलेल्या दुपारी, आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर हा माणूस स्वतःच्या हाताने घेतलेलंच मोजतो. आयुष्यभर जवळजवळ दुप्पट जेवला आणि अर्धं जेवलो असं प्रामाणिकपणे मानत राहिला. आणि मी रोज इमानेइतबारे "किती?" असं विचारून त्याला त्याचंच अर्धं वाढत होते.

राग ओसरायच्या आत दुसरी एक गोष्ट लक्षात आली आणि मी पडलेली खुर्ची उचलायला खाली वाकले. बाबा किती जेवतात हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. आता विचारताही येणार नव्हतं.

सर्जनला मात्र आकडा हवा होता.

"आधी किती खायचे?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"अंदाजे?"

"जिला माहीत होतं, ती नाही आता."

"हे असं मी केसपेपरवर लिहू?" त्याने चष्मा काढला. "उद्या आत खरंच काही निघालं तर? तुम्ही मला सांगताय की वजन उतरायचं कारण म्हणजे यांना कुणी आग्रह करत नाही?"

चमचेवाली माझ्या शेजारी उभी होती. तिचे कान लाल झाले होते. "सर, मी प्रश्न चुकीचा विचारला. 'किती घेता' असं विचारलं. 'किती पोटात जातं' असं विचारायला हवं होतं. आधीचा रकाना खोडून टाका. सध्याचा खरा आहे, आणि तो कमी आहे, नुसता पाहिला तरी कमी आहे. दोन्ही रकाने जुळतायत म्हणून मी त्याच्याकडे पाहिलंच नाही."

सर्जनने चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाला, "दोन आठवडे. काटा वर गेला तर दुर्बीण रद्द, तारीख कायम. नाही गेला तर तारीख दुसऱ्याला देणार. माझ्याकडे रांग आहे."

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "चुकीचा प्रश्न होता हे मी कधीच सांगितलं असतं. मला विचारलं कुणी?"

मी उत्तर दिलं असतं तर ते हॉस्पिटलभर ऐकू गेलं असतं.

कुणालाही वाटेल, आता सोपं झालं. जास्त वाढायचं, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

त्याच दुपारी मी त्यांच्या ताटात दुसरा डाव घातला. त्यांनी तो बोटाने बाजूला सारला आणि पहिला खाऊन उठायला लागले.

"बाबा, हे राहिलं."

"पुरे म्हटलं ना मी?"

"आईने वाढल्यावर खायचात की."

"ती वाढायची," बाबा म्हणाले. मी काय केलं होतं त्याला त्यांनी काही नाव दिलं नाही.

रात्री मी विचारलं, अजून हवंय का? नको. खरंच नको? नको म्हणजे नको. दुसऱ्या दिवशी न विचारता वाढलं तर दचकले, रस्सा सदऱ्यावर सांडला. लवकर वाढलं तर म्हणायचे, "आधीचं गिळू तरी देशील?" उशिरा वाढलं तर, "हात धुतल्यावर वाढतेस?" जास्त पडलं तर, "खडी टाकतेस का रस्त्यावर?" मी अर्धा अर्धा डाव वाढून पाहिलं. "मांजराला घालतेस?" वर्गात त्या पोरीच्या डावाखाली सहज उचलला गेलेला हात माझ्या डावाखाली घट्ट बसायचा. मी वाकून त्या हाताकडे पाहायचे. तो आता उठेल, आता उठेल, अशी वाट पाहायचे. कुठल्याही माणसाला अशा नजरेखाली जेवण जाणार नाही, हे कळत होतं. तरी पाहायचे.

चमचेवाली फोन करायची. "ताई, गप्पा मारत वाढून बघा ना. काकू काय बोलायच्या जेवताना?"

काय बोलायची? मी आठवायला बसले. आई जेवताना सतत बोलायची. शेजारणीची सून, नळाची गळती, दुकानदाराने दिलेली सुट्टी नाणी, रेडिओवर ऐकलेलं काहीतरी, आणि कुठलंच वाक्य पुरं नाही. बाबा हूं हूं करत. आम्हा दोघांच्या जेवणात भांड्यांचे आवाज होते. मला बोलण्यापेक्षा वाचणं जमतं, बाबांना बोलण्यापेक्षा तपासणं.

तरी दुसऱ्या दिवशी मी सुरू केलं. "आज लायब्ररीत एकाने पुस्तक परत केलं, त्यात खूण म्हणून काय ठेवलं होतं, माहितीय?"

"काय?"

"कंगवा."

"दात मोडलेला?"

"अख्खा. केसांसकट."

"मग?" बाबा म्हणाले, आणि त्या 'मग'वर मी भात वाढला. हात होता, पण ढिला होता. भात गेला. बाबांनी खाल्ला. मी पुढे सांगत राहिले, त्या कंगव्याला मी एक मालक दिला, मालकाला एक बायको दिली, भाजीही वाढली, आणि ताट स्वच्छ झालं.

दोन-तीन दिवस हे चाललं. रोज लायब्ररीत मी खुणा शोधत असायचे. पुस्तकांत कुणी काही विसरलं नाही तर मनाने रचायचे. मग एका रात्री माझ्याजवळ काही नव्हतं. दिवसभर पावत्यांचा गठ्ठा उपसून मी आले होते, डोकं दुखत होतं. मी गप्प बसून वाढलं आणि हात पुन्हा घट्ट बसला. माझा तोल गेला.

"बाबा, एका माणसाने दोन डाव भात खावा म्हणून मी रोज विदूषक व्हायचं का? तोंडाने मागा. 'अजून दे.' दोन शब्द आहेत."

"मला मागायची सवय नाही."

"लावून घ्या."

"या वयात?"

"या वयात खुबा नवीन बसवून घेताय ना?"

बाबांनी ताटाकडे पाहिलं. "इतकी वर्षं मला मागावं लागलं नाही," ते म्हणाले. "त्यात माझं काय चुकलं, ते सांग."

त्यांनी ते तक्रारीने म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण ते खरोखरच विचारत होते. मी डाव पातेल्यात ठेवला, पातेलं टेबलाच्या माझ्या बाजूला होतं तिथेच राहू दिलं आणि आपलं जेवायला लागले. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "त्या कंगव्याचं पुढे काय झालं?"

"फेकला."

"असा कसा फेकला? मालक येईल ना."

मी वाढलं. त्यांनी खाल्लं. पण मी दिवसाच्या अखेरीस इतकी दमून जात होते, की दुर्बीण परवडली असं एकदा मनात येऊन गेलं.

दोन आठवडे झाले. चमचेवालीने बाबांना काट्यावर उभं केलं. मी एका बाजूने धरलं होतं. ती म्हणाली, "सोडा, ताई, नाहीतर तुमचा हात मोजला जाईल." मी सोडलं. बाबा लटपटत उभे राहिले. काटा हलला आणि थांबला. आधीपेक्षा वर होता. फार नाही, पण वर होता. चमचेवालीने टाळी वाजवली आणि मग आपण हॉस्पिटलात आहोत हे आठवून हात मागे घेतले.

सर्जनने कागद पाहिला. "चढतंय," म्हणाला. "दुर्बीण नको. तारीख तीच. तोवर असंच चालू ठेवा." त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही, पुढच्या पेशंटला हाक मारली. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्या दिवशी तेवढी जागा शिल्लक नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि दादाचा फोन आला. मी बाबांना वाढून गॅलरीत गेले. दादाला सगळं नीट हवं होतं: काटा किती, सर्जन काय म्हणाला, तारीख नक्की का. आणि मग, आपण ऑपरेशनच्या आठवडाभर आधी येतो म्हणाला. रडत होता. मी उभी राहिले. दादा रडायला लागला की त्याला थांबवायचं नसतं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. होत नव्हती.

आत आले तर टेबलावर पूर आला होता. पाण्याचा ग्लास आडवा, पाणी कडेवरून जमिनीवर ठिबकत होतं. माझी थाळी सरकून टेबलाच्या कोपऱ्यावर अर्धी बाहेर आली होती. बाबांनी आपल्या बाजूने टेबलक्लॉथ ओढून भाताचं पातेलं जवळ आणलं होतं. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला शितं लागली होती, आणि ते खाली मान घालून जेवत होते.

"हे काय केलंत?"

"तू बोलत बसलीस. भात गार होत होता."

"मग हाक मारायची!"

"हाक मारली असती तर तू येऊन वाढलं असतंस," बाबा म्हणाले. "माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस. त्यापेक्षा म्हटलं आपणच घ्यावा."

"किती घेतलात?"

त्यांनी घास खाली उतरू दिला. "मोजला नाही," ते म्हणाले.

मी फडकं आणलं आणि जमिनीवर बसून पाणी पुसायला लागले. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. इतके दिवस मी त्यांच्याशी याचसाठी भांडत होते. चमचेवालीला कळलं असतं तर ती पुन्हा टाळी वाजवून बसली असती. फडकं पिळायला मी दोनदा मोरीपाशी गेले, दुसऱ्यांदा गेले तेव्हा फडकं कोरडंच होतं. नळ सोडून थोडा वेळ तिथेच उभी राहिले. बाबांच्या उजव्या हाताला बसून, बोलता बोलता, न बघता त्यांच्या हाताखालून डाव सरकवणारी बाई या घरात होती, एवढं तरी आजवर ताटावर थांबणाऱ्या त्यांच्या त्या हातावरून कळत होतं.

परत आले. टेबलक्लॉथ सरळ करायला गेले, पण पातेलं त्यावर होतं, म्हणून तसाच तिरका राहू दिला. माझी थाळी पुढ्यात ओढून बसले. थाळीतला भात खरंच गार झाला होता. उरलेला तरी ऊबदार राहावा म्हणून झाकण घेतलं आणि पातेल्यावर ठेवायला हात पुढे केला.

"राहू दे उघडं," बाबा म्हणाले. "मी अजून घेणार आहे."